जर्मनीला निघालेले गुरुजी

अहमदपूर,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. उज्वला हीस,
आशीर्वाद.

तुझा नंबर लातूरच्या मनिषाकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. ती देत नव्हती, पण तुम्ही दोघी शाळेत असताना मी तिला जो दम द्यायचो तोच पुन्हा दिला. फोन दोनदा लावला, तू उचलला नाहीस. मोबाइलवर अंगठ्यानं मराठी लिहायला मला एका ओळीला पाव तास लागतो, आणि ते यंत्र स्वतःच्या मनानं भलतेच शब्द घालतं. म्हणून रीतसर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. अक्षर ओळखशील.

कामाचं लिहितो. शुक्रवारी लातूरला माझी अँजिओग्राफी झाली. मनगटातून एक बारीक नळी आत घालतात, औषध सोडतात आणि शेजारच्या पडद्यावर आपल्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या दिसतात. मला जागं ठेवलं होतं. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, मला तो नकाशाच वाटला. मुख्य नदी, उपनद्या, त्यांचे फाटे. डॉक्टरांना म्हणालोसुद्धा, की ही नदी उगमाशीच बुजलेली दिसते. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, मुख्य नळीच सत्तर टक्के बंद आहे, बाकीच्या दोनही बऱ्या नाहीत. दोन आठवड्यांच्या आत बायपास करून घ्या." मी विचारलं, नाही केली तर? म्हणाले, "तर एखाद्या दिवशी जिना चढताना कळेल."

मनिषा सांगत होती, तू तिकडं मोठ्या इस्पितळात नर्स आहेस. तेव्हा उपचार जर्मनीतच घ्यावेत असा माझा विचार आहे. व्हिसासाठी तिथं राहणाऱ्या नातेवाइकाचं निमंत्रणपत्र लागतं असं समजलं. ते लवकर पाठवावं. पासपोर्ट माझ्याकडं आहे. सगळे रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवली आहे.

तुझं कसं चाललंय हे विचारायचं राहिलं. बरंच असेल.

अमृतराव
(निवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. सही सवयीनं झाली. खोडली तर कागद घाण दिसेल म्हणून तशीच ठेवली.


अहमदपूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. उज्वला,

पत्र वाचल्याच्या दोन निळ्या खुणा सोमवारीच दिसल्या. उत्तर नाही. इस्पितळात काम असतं, हे मला कळतं.

इकडं एक भानगड होऊन बसली आहे. आपलं गाव तुला ठाऊक आहे. कुणी निवृत्त झाला, कुणाचं पोरगं फौजदार झालं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं की लगेच शाल, नारळ आणि चार भाषणं. तर काल आमच्या निवृत्त शिक्षक संघानं माझा सत्कार केला. कारण काय, तर मी जर्मनीला उपचारासाठी निघालो! एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागलं आहे. माझा फेट्यातला फोटो, कोपऱ्यात एक विमान, खाली बावीस शुभेच्छुकांची डोकी, आणि मधोमध हे असं: "हृदयोपचारासाठी जर्मनीला प्रस्थान करीत असल्याबद्दल अमृतराव गुरुजींचे हार्दिक अभिनंदन!" नळ्या बुजल्याबद्दल अभिनंदन झालेला मराठवाड्यातला मी बहुधा पहिलाच.

हे सगळं श्रीमंत गुरुजींचं काम. माझ्याच शाळेत पी.टी.चे मास्तर होते, तुला कवायतीत पायावर छडी मारायचे ते. सत्कारात माईक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या गुरुजींची पोरगी बगा, किती मायेची! बापाची तकलीफ कळली तसं तिनं ताबडतोब बोलावून घेतलं. न्हाई तर आजकालची पोरं!" टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात हार होते, मान खाली घालायला सोय झाली.

ही बातमी कुठून फुटली कोण जाणे. आता रविवारी सकाळी मला नांदेडच्या गाडीत बसवून द्यायला सगळे येणार आहेत. नांदेडहून रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान, असं त्यांनीच ठरवून टाकलं आहे. तेव्हा निमंत्रणपत्राचं लवकर बघ.

आप्पा


नांदेड,
सोमवार, १० फेब्रुवारी

उज्वला,

काल स्टँडवर पन्नास-साठ माणसं होती. हलगीही आणली होती. एवढ्या हारांनी मला गाडीच्या दारातून आत जाता येईना. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, जर्मनीचं तिकीट आमच्याकडं न्हाई बरं का, नांदेडचं देऊ?" सगळे हसले, मीही हसलो. गाडी वळेपर्यंत श्रीमंत हात हलवत होते. खरं सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

नांदेडच्या स्टँडवर उतरलो आणि बाकावर बसलो. कुठं जायचं हे माहीत नव्हतं. हार काढून शेजारी ठेवले. एक शेळी आली आणि निवांत एकेक हार खाऊ लागली. मी तिला हाकललं नाही. तिचं झाल्यावर उठलो.

आता डॉक्टर लेनच्या मागं एका लॉजवर आहे. इथं सगळे पेशंटचे नातेवाईक उतरतात. सकाळी डबे घासायला नळावर, चहा न्यायला टपरीवर रांग असते, आणि एकमेकांना विचारतात, "तुमचं कोन हाय आत?" मलाही विचारलं. मी म्हणालो, भाऊ आहे. पेशंट आणि त्याचा नातेवाईक अशी दोन्ही कामं एकट्यानं करणारा या लॉजवर मी एकटाच. खोली वरच्या मजल्यावर आहे. सतरा पायऱ्यांत दोनदा थांबावं लागतं.

काल रात्री उशिरा श्रीमंतांचा फोन आला. "मुंबईला पोचले का?" हाव, पोचलो. आज दुपारी पुन्हा. "इमान उतरलं का? थंडी हाय का तिकडं?" डोक्यावर पंखा गरगरत होता. मी म्हणालो, लई थंडी हाय. मग ते म्हणाले, "पोरीला द्या की फोन, दोन शब्द बोलतो." मी म्हणालो, ती ड्युटीवर गेली.

बातमी फुटली नव्हती. मीच फोडली. लातूरहून आलो त्या संध्याकाळी टपरीवर चहा घेत होतो. श्रीमंतांनी साधाच प्रश्न केला, "गुरुजी, मग दवाखान्यात तुमच्या संगं कोन राहनार?" टपरीवरची चारपाच माणसं माझ्याकडं बघायला लागली. तुझी आई असती तर तो प्रश्न कुणी विचारलाच नसता. मी पटकन म्हणून गेलो, पोरीनं जर्मनीला बोलावलंय. म्हणताना इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा म्हणालो. पहिलं पत्र मी तुला त्यानंतर लिहिलं. म्हणजे आधी गावाला सांगितलं आणि मग तुझ्याकडं मागितलं.

तू वाचतेस हे दिसतं. एवढ्यावरही दिवस जातो.

आप्पा


नांदेड,
बुधवार, १२ फेब्रुवारी

उज्वला,

काल छातीत कळ आली. जिन्यातच बसलो. लॉजवाल्यानं रिक्षा बोलावून इथल्या इस्पितळात आणलं. लातूरची सीडी जवळ होती म्हणून बरं. सर्जन बाई आहेत, तुझ्याहून दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सीडी लावली, दोन मिनिटं बघितली आणि माझ्यावर खेकसल्या, "हे घेऊन तुम्ही लॉजवर राहत होता?" मी म्हणालो, जर्मनीला जायचा विचार चालला होता. त्या म्हणाल्या, "कशाला? या ऑपरेशनला तिकडची माणसं आपल्या देशात येतात. आणि तुमची ही हालत बघता मी तुम्हाला बाजारापर्यंतसुद्धा जाऊ देणार नाही."

मी भरती झालो आहे. ऑपरेशन शनिवारी सकाळी. संमतीच्या कागदावर माझी सही झाली. त्याखाली नातेवाइकाची सही लागते, नाव आणि नातं लिहून. शिवाय ऑपरेशनच्या वेळी बाहेर कुणीतरी बसायला पाहिजे, आणि नंतर सहा आठवडे मला एकटं राहता येणार नाही. सिस्टर दोनदा येऊन गेली. "आजोबा, तुमचं कोन हाय?" म्हणते. मी म्हणालो, येतायत, गाडीत आहेत. ही आता माझी सवयच झाली आहे.

तर आता खरं लिहितो.

बायपास इथं होते हे मला लातूरलाच माहीत होतं. जर्मनीत चांगली होते म्हणून मी तुला लिहिलं नाही. मला तुझ्याकडं यायचं होतं, आणि नुसतं यायचंय असं म्हणायची माझी छाती नव्हती. आजार सापडला, तो पुढं केला. पासपोर्ट तीन वर्षांपूर्वीच काढून ठेवला आहे. कोरा आहे. कधीकधी काढून बघतो आणि परत ठेवतो.

फ्लेक्सवर मजकूर टाकताना श्रीमंतांनी विचारलं होतं, "पोरीच्या नावाखाली जावयाचं नाव काय टाकायचं?" मी म्हणालो, जागा कमी पडेल, नुसतं 'कन्या उज्वला' टाका. बावीस डोकी बसली, पण एका नावाला जागा कमी पडली. मी बिलोलीला बदलीवर होतो तेव्हा तू आणि संघपाल एकाच वर्गात होता. त्यानं हातानं काढलेला युरोपचा नकाशा मी भूगोलाच्या खोलीत लावला होता, आणि माझी बदली होईपर्यंत तो भिंतीवरून उतरवू दिला नाही. प्रत्येक तपासणीला साहेबांना तो नकाशा दाखवून म्हणायचो, हा माझा विद्यार्थी. तोच मुलगा तुझं नाव घेऊन लग्नाचं बोलला तेव्हा मला त्याची जात आठवली. मी वर्गात काय काय शिकवलं होतं ते त्याच्या तोंडपाठ असेल. त्यानं मला ते एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर भांडून मोकळा तरी झालो असतो.

आणि तुझ्या आईचं. तिचं तेरावं झाल्यावर तुला कळवलं. तुझा नंबर सापडला नाही असं मी मनिषाकरवी सांगितलं. तुझा तेव्हाचा नंबर घरातच होता. तुझ्या आईनं तो कुंकवाच्या डबीत चिठ्ठी करून ठेवला होता आणि ती डबी कुठं असते हे मला ठाऊक होतं. तू आली असतीस तर संघपालला घेऊन आली असतीस, आणि तेराव्याच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला असता. एवढ्यासाठी मी तुला तुझ्या आईचं तोंड बघू दिलं नाही. शेवटचे दोन दिवस तिनं तुझंच नाव घेतलं. तिलाही मी सांगितलं, कळवलंय, येते आहे, गाडीत आहे.

माझं चुकलं. यापेक्षा मोठं वाक्य मला करता येत नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. फक्त त्या कागदावर कुणाचं नाव लिहू, तेवढं सांग.

आप्पा


नांदेड,
शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळचे साडेसहा

चि. उज्वला हीस, आणि चि. संघपाल यास,

हे दोघांनी मिळून वाचावं.

गुरुवारी दुपारी माझ्या खाटेच्या पायथ्याशी एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "मी ग्यानोबा. बिलोलीचा." संघपालचे वडील, मी ओळखलं होतंच. एसटीत मेकॅनिक असतानाची बोटं अजून तशीच काळी आहेत. ते उभेच राहिले. वॉर्डात स्टूल होतं, त्याच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. शेवटी म्हणाले, "बसा म्हनाल तर बसतो."

उज्वला, हे तुला माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही. २०१६ साली तुमच्या लग्नाच्या आधी ते पत्रिका घेऊन अहमदपूरला आले होते. मे महिना, भर दुपार, तीन गाड्या बदलून आले होते. मी त्यांना बाहेर ओट्यावर उभं ठेवलं. पत्रिका हातात घेतली, बघतो म्हणालो आणि दार लावलं. तुझी आई आत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती त्या तांब्यासह माघारी गेली आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

"बसा," मी म्हणालो. ते बसले. मग मी अधाशासारखं विचारलं, "उज्वलाचा फोन आला होता का?"

"न्हाई," ते म्हणाले. "पोराचा आला व्हता. म्हनला, बाबा, गुरुजी एकटे हायत, तुमी जा. सूनबाई जवळच बसली व्हती म्हने, काय बोलली न्हाई. जाऊ नका बी म्हनली न्हाई." मग म्हणाले, "आन् मी तुमच्यासाठी आलो न्हाई गुरुजी, उगं तसं समजू नका. पोरगं म्हनलं म्हून आलो."

मला तेच बरं वाटलं. गोड बोलले असते तर मी तोंड फिरवलं असतं.

सिस्टर कागद घेऊन आलीच. "आले का तुमचे? पेशंटचे कोन तुमी?" ग्यानोबा म्हणाले, "ते त्यास्नी इचारा." सिस्टरनं पेन माझ्यावर रोखलं. शेजारच्या खाटेवर अर्धापूरचे केळीवाले बागाईतदार आहेत, आमच्याच भावकीपैकी, त्यांची सगळी माणसं गोळा झालेली. मी हळू आवाजात म्हणालो, व्याही. सिस्टर म्हणाली, "जोरात सांगा आजोबा." मी जोरात म्हणालो, "व्याही आहेत माझे. माझ्या जावयाचे वडील." शेजारच्या खाटेवरचं बोलणं थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. बाकी काही झालं नाही. नऊ वर्षं मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

ग्यानोबांनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सिस्टर घाई करत होती. ते म्हणाले, "बाई, इंजन खोलायच्या आधी कागद वाचाया लागतो." मगच सही केली.

काल मी आंघोळीला गेलो असताना श्रीमंतांचा फोन आला. बाहेर आलो तर ग्यानोबा बोलत होते, "कुठली जर्मनी? न्हाई बा, नांदेडात हायत. उद्या आपरेशन हाय. मी कोन? मी त्यांचा व्याही बोलून राहिलो, बिलोलीहून." फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "खोटं बोलायचं व्हतं का?" नाही, मी म्हणालो. एव्हाना सगळ्या अहमदपुरात झालं असेल. श्रीमंतांनी परत फोन केलेला नाही. तो हलगी लावून रडलेला माणूस, त्याला फार लागलं असेल. वाचलो तर त्याच्याकडं स्वतः जाईन.

काल दिवसभर आम्ही दोघं बसून होतो. त्यांनी पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून खाल्ली, मला पथ्य, मी बघत बसलो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ह्यातनं उठल्यावर सहा हप्ते कुठं राहनार?" मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, "बगता काय? बिलोलीला चला. पोराच्या आईनं, तुळजाबाईनं, खोली झाडून ठेवली."

मी हो म्हणालो नाही. तुला खरं सांगतो पोरी, पहिल्यांदा मनात काय आलं असेल तर हे, की गुरुजी व्याह्याच्या घरी, त्या वस्तीत, सहा आठवडे, म्हणजे अहमदपुरात काय म्हणतील. छाती उघडायची वेळ आली तरी माझ्या आत हेच निघालं. ग्यानोबा उत्तराची वाट बघत थोडा वेळ बसले आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन चादर अंथरून आडवे झाले.

म्हणून हे सकाळी उठून लिहायला घेतलं. मी हो म्हणणार आहे. त्यांना सांगायच्या आधी तुम्हाला लिहून ठेवतो, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही. तुळजाबाईंना मी अजून कधी बघितलेलं नाही. त्यांच्याशी काय बोलायचं, त्या कशाला हसतात, त्यांना काय खपत नाही, काहीच माहीत नाही. संघपाल, तेवढं तू मला लिहून कळव.

उज्वला, तू बोलली नाहीस तरी माझी तक्रार नाही. मला भीती वाटते आहे, हे मात्र तुला सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सिस्टर दोनदा डोकावून गेली. साडेसातला आत नेणार आहेत. याचा फोटो काढून पाठवतो आणि मोबाइल ग्यानोबांच्या हातात देतो. काही लिहावंसं वाटलं तर लिही. मी आत असेन. ते वाचून ठेवतील आणि मी शुद्धीवर आलो की मला सांगतील.

तुमचा,
आप्पा